आजोबांचा पत्ता नेमका कुठला?

नागपुरात आपल्या घराण्याचा माग काढायला निघालेल्या माणसाच्या हाती सुरुवातीला एखादाच कागद असतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, पणजोबांच्या नावचे खरेदीखत, नाहीतर ट्रंकेच्या तळाशी सापडलेले पोस्टाचे पाकीट. त्यावर ‘क्रॅडॉक टाउन’ लिहिलेले असते, ‘जुम्मा दरवाज्याजवळ’ असते, किंवा नुसताच सर्कल नंबर आणि घर नंबर असतो. कागद घेऊन माणूस महालात जातो, धंतोलीत जातो, पानठेल्यावर विचारतो आणि ‘असा कुठला भाग नाही बुवा इथे’ हे उत्तर घेऊन परत येतो. भाग तिथेच असतो. बहुतेक वेळा तो त्या भागातच उभा असतो. धंतोलीलाच एके काळी क्रॅडॉक टाउन म्हणत. १९०७ ते १९१२ या काळात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असलेल्या रेजिनाल्ड क्रॅडॉकचे ते नाव. जुम्मा दरवाजा म्हणजे महालातले आजचे गांधी गेट. आणि जुम्मा तलाव आधी शुक्रवारी तलाव झाला, मग गांधीसागर.

हा शोध घेणारे लोक दोन प्रकारचे आहेत, आणि त्यांच्यातला फरक नीट ओळखला पाहिजे. काही जण कुतूहलापोटी शोधतात. कुलवृत्तांत लिहायचा असतो, परदेशातल्या नातवाला वंशवृक्ष दाखवायचा असतो. दुसरा वर्ग फार मोठा आहे आणि त्याच्यासाठी हा शोध पोटापाण्याचा आहे. जात पडताळणी समितीपुढे कागद ठेवायचा तर महाराष्ट्रात मानीव दिनांकाच्या आधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधी आपले कूळ इथेच राहत होते, हे दाखवायचे असते. आजोबांच्या दाखल्यावरची वस्ती आणि आजच्या रेशन कार्डावरची वस्ती एकच आहे, हे सिद्ध करता आले नाही तर मुलीचा इंजिनीअरिंगचा प्रवेश अडकतो, मुलाची नोकरी टांगणीला लागते. म्हणून जुन्या नावांचा प्रश्न मला हौशी इतिहासाच्या कोपऱ्यात ठेवावासा वाटत नाही.

हा त्रास फक्त आपला नाही. आयर्लंडचे उदाहरण यासाठी फार शिकवणारे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळात आणि नंतर तिथून लक्षावधी लोक बाहेर पडले, त्यांची पतवंडे आज अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून आपले घर शोधत येतात. पणजीच्या पत्रावर डब्लिनची ‘सॅकव्हिल स्ट्रीट’ असते. ती १९२४ पासून ‘ओकॉनेल स्ट्रीट’ आहे. त्यात १९२२ च्या यादवीत डब्लिनचे सरकारी दप्तरखाने आगीत भस्म झाले आणि एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनेचे सुरुवातीचे कागद जवळजवळ सगळे गेले. तरीही आयरिश माणसाला आपले गाव सापडते. त्याला तीन आधार आहेत. १८४७ ते १८६४ दरम्यान झालेली ग्रिफिथची मालमत्ता आकारणी, म्हणजे घरागणिक, शेतागणिक कोण राहतो याची यादी. १८४४ पासून निघत आलेली थॉमची निर्देशिका, जिच्यात रस्ता, घर नंबर आणि राहणाऱ्याचे नाव वर्षागणिक आहे. आणि तिसरा आधार सर्वांत भक्कम: ‘टाउनलँड’. साठ हजारांहून जास्त असलेले हे जमिनीचे छोटे छोटे तुकडे आणि त्यांची नावे. रस्त्यांच्या पाट्या बदलल्या, राज्य बदलले, भाषा बदलली, पण जमिनीच्या त्या तुकड्याचे नाव दप्तरात टिकून राहिले. तिथला जाणता संशोधक नवख्याला सांगतो की रस्ता नंतर बघ, आधी टाउनलँड काढ.

नागपुरात टाउनलँडच्या जागी मौजा आहे. या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचे आहे. आपल्याकडे लोक रस्त्याचे जुने नाव शोधत बसतात आणि हरतात, कारण नागपूर हे मुळात रस्त्यांच्या नावांनी ओळखले जाणारे शहर नव्हते. ते मौजांचे, पेठांचे आणि शेजाऱ्यांचे शहर होते. पत्ता शोधायचा तर याच तिघांच्या वाटेने जावे लागते.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास हे शहर वसवले ते बारा खेडी एकत्र करून. ‘राजापूर बारसा’ असा त्यांचा उल्लेख येतो. राजापूर, रायपूर, हिवरी, हरिपूर, सक्करदरा, लेंडरा, फुटाळा, गाडगे, भानखेडा, सीताबर्डी ही त्यांतली नावे. तीनशे वर्षांनंतर यांतली कितीतरी नावे जिवंत आहेत, आणि ती पाट्यांपेक्षा जमिनीच्या कागदांत जास्त ठळक आहेत. रामदासपेठेतल्या बंगल्याचे खरेदीखत उघडा, ‘मौजा लेंडरा’ लिहिलेले असते. रामदासपेठ हे नाव विसाव्या शतकातले, लेंडरा गोंडांच्या काळातले, आणि कागदाने दोन्ही सांभाळले आहेत. त्रिमूर्तीनगरातल्या फ्लॅटच्या कागदावर ‘मौजा भामटी’ असते. तिथे राहणाऱ्या तरुण मुलांना हे नाव माहीतही नसते, पण नोंदणी कार्यालयाला तेच माहीत असते. बख्त बुलंदचे गोंड राज्य गेले, भोसले गेले, इंग्रज गेले, जुना मध्य प्रदेश गेला, मौजा राहिला. गोंडांनी वसवलेल्या या शहरात त्यांची खूण पुतळ्यांपेक्षा तलाठ्याच्या दप्तरात अधिक टिकली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०२१ मध्ये गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयाला नाव देताना आदिवासी संघटनांनी ‘गोंडवाना’ नावाचा आग्रह धरला, त्यामागे ही जुनी सल होती, आणि ती रास्त होती असे माझे मत आहे.

मौजांवर भोसल्यांची पेठ बसली. पहिल्या रघूजींनी १७४३ च्या सुमारास नागपूरला राजधानी केली आणि महालाभोवती बाजार वाढले. वारांची नावे घेतलेल्या पेठा तेव्हापासून लोकांच्या तोंडी आहेत: इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी, सोमवारी. त्यांच्या पोटात धंद्यांची आणि चाकरीची पुरे आली: तेलीपुरा, धीवरपुरा, भालदारपुरा, चिटणवीसपुरा. राजवाड्याच्या सोयीसाठी गाडीखाना, उंटखाना. आणि व्यापाराच्या ओळी: सराफा ओळ, किराणा ओळ, मूर्तिकारांची चितार ओळ, जी आजही गणपतीच्या दिवसांत पहाटेपर्यंत जागी असते. घराण्याच्या शोधात ही नावे फार बोलकी आहेत. भालदारपुऱ्यातला पत्ता सापडला म्हणजे पूर्वज भालदार होते असे नाही, पण शोध कुठल्या दप्तरापासून सुरू करावा हे त्यावरून ठरवता येते.

इथे एक खड्डा आहे, आणि त्यात पुष्कळ जण पडतात. शुक्रवारी दोन आहेत, जुनी आणि नवी. मंगळवारी म्हटले की सदरकडच्या माणसाला मंगळवारी बाजार आठवतो आणि पूर्व नागपुरातल्या माणसाला जुनी मंगळवारी. जुन्या कागदावर नुसते ‘मंगळवारी’ असेल तर दोन्ही ठिकाणी शोध घ्यावा लागतो. एका ठिकाणी नाव मिळाले नाही म्हणून ‘आपले घर इथे नव्हतेच’ असा निष्कर्ष काढून थांबलेली माणसे मी पाहिली आहेत. घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होते.

इंग्रजांचा थर तुलनेने पातळ आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी नागपूर झाली, १८६४ मध्ये नगरपालिका आली. त्या काळातली रेसिडेन्सी रोड, माउंट रोड, किंग्जवे ही नावे आजही रिक्षावाला बिनचूक ओळखतो. मुंबईत साहेबांच्या नावांवर जेवढा रोष झाला तेवढा इथे झाला नाही. मेयो हॉस्पिटलचे नाव कागदोपत्री इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय होऊन कितीतरी काळ लोटला, पण जन्म मेयोतला, मरण मेयोतले, हे आपण अजून म्हणतोच. हे नाव तर थेट आयर्लंडमधले आहे. १८६९ पासून व्हाइसरॉय असलेला आणि १८७२ मध्ये अंदमानात मारला गेलेला लॉर्ड मेयो डब्लिनमध्ये जन्मला होता, आणि मेयो हा आयर्लंडच्या पश्चिमेचा एक जिल्हा आहे. १८९१ ते १८९३ या काळात मध्य प्रांताचा चीफ कमिशनर असलेला अँटनी मॅकडोनेलही आयरिशच. म्हणजे नागपुरात आयरिश पूर्वज शोधायला येणारा कोणी आला, तर त्याच्यासाठी इथे ओळखीची एक पाटी आधीपासून लागलेली आहे.

त्या माणसाचा रस्ता मात्र नागपूरपेक्षा कामठीकडे जातो. १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी कामठीची छावणी बसली. कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपायांचा भरणा मोठा होता. गावाकडे जमीन नाही, काम नाही, म्हणून भरती झालेली ही पोरे. त्यांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने इथल्या चर्चमध्ये नोंदली गेली आणि त्या नोंदींच्या नकला दरवर्षी लंडनला गेल्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. शोधणारा माणूस नकाशा बघतो, कामठी मध्य भारतात दिसते, म्हणून तो बंगालचे खंड चाळतो, मग मुंबईचे. नोंद सापडत नाही, कारण कामठीच्या छावणीत एकोणिसाव्या शतकाच्या मोठ्या भागात मद्रासची फौज होती, आणि म्हणून कामठीतला जन्म मद्रास प्रांताच्या खंडांत लिहिला गेला. नागपूरपासून सोळा-सतरा किलोमीटरवरच्या बाळाची नोंद मद्रासच्या वहीत! हे एकदा कळले की वर्षानुवर्षे बंद असलेली दारे उघडतात. आपल्या लोकांनाही यातून एक गोष्ट शिकता येते: जागा कुठे आहे याआधी ती त्या साली कोणाच्या हुकमतीत होती हे विचारायचे.

हा प्रश्न नागपूरकराला १९५६ पाशी नेमका भिडतो. स्वातंत्र्यानंतर नागपूर हे मध्य प्रदेशाची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि राजधानी भोपाळला गेली. १ मे १९६० पासून आपण महाराष्ट्रात. जात पडताळणीचा १९५० चा दिनांक म्हणजे मध्य प्रदेशच्या काळातला दिनांक. म्हणून इथल्या माणसाचा पुरावा पुण्या-मुंबईच्या माणसासारखा दिसत नाही. त्याच्या कागदांत ‘मिसल बंदोबस्त’ असते, ‘अधिकार अभिलेख पंजी’ असते, खेड्यातला जन्म ‘कोतवाल बुका’त असतो, शाळेचे रजिस्टर ‘दाखल-खारीज’ असते. जमिनीला गट नंबराऐवजी खसरा नंबर असतो आणि पुढे प. ह. नं., म्हणजे पटवारी हलका नंबर. तलाठी आले तरी कागदावरचा पटवारी गेला नाही. पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेल्या अधिकाऱ्याला हे शब्द अनोळखी वाटतात, आणि वैदर्भी माणसाला तेच समजावून सांगावे लागते. काही फायली भोपाळला गेल्या, काही इथेच राहिल्या. पुराभिलेख संचालनालयाची नागपूर शाखा हे शोधाचे एक चांगले ठिकाण आहे, पण तिथे जाताना खात्याचे नाव, वर्ष आणि जिल्हा हाताशी हवा. नुसते आडनाव घेऊन गेलात तर रिकाम्या हाताने परत यावे लागते.

आता मुख्य कागदांकडे येऊ, कारण घर तिथेच सापडते. नागपूर शहराच्या हद्दीतली मालमत्ता असेल तर नगर भूमापन कार्यालयातली आखीव पत्रिका हा पहिला कागद. ती एकाच पानात घराण्याचा बराच इतिहास सांगते: नगर भूमापन क्रमांक, क्षेत्र, धारणाधिकार, मूळ धारकाचे नाव आणि त्याखाली ओळीने फेरफार. मयत झाल्याने वारस लागले, वाटणी झाली, विक्री झाली, प्रत्येक नोंदीला तारीख. सीताबर्डी, सदर, सिव्हिल लाइन्स या भागांत जमीन बहुधा नझूलची, म्हणजे सरकारची, मुदतीच्या पट्ट्याने दिलेली. तिथे नझूल शीट नंबर आणि प्लॉट नंबर लागतो, पण पट्टा नव्याने करताना जुना पट्टेदार, त्याचा बाप, त्याचा वारस यांची नावे फाइलमध्ये येतात. मालकीच्या जमिनीपेक्षा नझूलच्या फाइलीत घराण्याची हकिकत जास्त सापडते असा माझा अनुभव आहे. सरकारला दर वेळी नव्याने सांगावे लागते की आपण कोण.

महानगरपालिकेचा घर नंबर ही दुसरी वाट, आणि ती निसरडी आहे. जुन्या नागपूरच्या कागदांवर ‘सर्कल नंबर अमुक, वॉर्ड नंबर तमुक, घर नंबर तमुक’ असे असते. मालमत्ता कराची फेरआकारणी झाली की नंबर बदलतात; वॉर्डांच्या हद्दी निवडणुकांबरोबर बदलतात; आता दहा झोन आहेत, लक्ष्मीनगरापासून मंगळवारीपर्यंत. आजोबांचा वॉर्ड आणि आपला प्रभाग यांचा आकडा एक असला तरी भाग वेगळा असू शकतो. घर नंबरावर भरवसा ठेवायचा तो एकाच आकारणीच्या काळापुरता. लगतच्या दोन आकारण्यांच्या नोंदवह्या शेजारी ठेवून, करदात्याच्या नावावरून जुना आणि नवा नंबर जुळवता येतो. हे किचकट काम आहे, पण करता येते.

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत विश्वासू वाट म्हणजे चतुःसीमा. जुन्या खरेदीखतात, गहाणखतात, बक्षीसपत्रात घराच्या चारही बाजू लिहिलेल्या असतात. पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस अमक्याचे मकान, उत्तरेस सामाईक बोळ, दक्षिणेस तमक्याची खुली जागा व विहीर. रस्त्याचे नाव नसते, पण शेजाऱ्याचे असते. तुमच्या घराण्याने घर विकून शहर सोडले असेल, शेजाऱ्याने मात्र सोडले नसण्याची शक्यता मोठी. त्याची आखीव पत्रिका काढली, त्याच्या जुन्या खरेदीखतात त्याच्या पूर्वेला आपल्या पणजोबांचे नाव सापडले, की जागा पक्की झाली. महालात, इतवारीत, पाचपावलीत ही पद्धत फार चालते, कारण तिथली जुनी घरे पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुळात राहिली. नव्या वस्त्यांत ती लंगडी पडते. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आली. पुढे शहराभोवतीच्या शेतांत सहकारी गृहनिर्माण संस्थांचे लेआउट पडले, आणि ५७२ व १९०० लेआउटचे आकडे तर नागपूरकराच्या बोलण्यातलेच आहेत. तिथे चारही बाजूंना प्लॉट नंबर असतात, माणसे नसतात. शोधणाऱ्याला मग खसरा नंबरावरूनच मागे जावे लागते.

दप्तराबाहेरही आधार आहेत. जुने कागद वाचायचे तर भोसलेकालीन दप्तरासाठी मोडी यावी लागते, आणि मोडी वाचणारे आता थोडे उरले आहेत. मराठा-कुणबी नोंदींचा शोध २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यांची किती गरज आहे हे साऱ्या राज्याला समजले. यादव माधव काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ आणि रसेलने संपादित केलेले १९०८ चे नागपूर जिल्ह्याचे गॅझेटियर यांतून जुनी नावे कळतात, पण घर कळत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वर, गया, प्रयाग इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत नागपूरकर घराण्यांच्या नोंदी असतात, आणि त्या घेताना मूळ गाव विचारले जाते. म्हणून ज्यांचे कूळ दोन-तीन पिढ्यांपूर्वीच शहरात आले त्यांना तिथे नागपूर सापडणार नाही, वर्धा-भंडाऱ्याकडचे खेडे सापडेल. गिरणी कामगारांच्या घराण्यांत वेगळे कागद असतात. १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने तीन-चार पिढ्यांना पोसले; नोकरीची पुस्तिका, भविष्यनिर्वाह निधीचे कागद, यांवर पत्ता असतो. मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्या नावाने उत्तर नागपुरात बेझनबाग आहे. मिल गेली, तिथे मॉल उभा राहिला, वस्तीचे नाव मात्र व्यवस्थापकाला धरून टिकले. रेल्वेच्या कुटुंबांसाठी खलाशी लाइन तशीच.

चौकांचे पत्तेही कामी येतात. सिनेमागृहे बंद पडली तरी व्हरायटी चौक आणि गीतांजली चौक राहिले. १९२० च्या काँग्रेस अधिवेशनाची आठवण काँग्रेसनगरात राहिली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षेसाठी आलेल्या लोकांच्या पत्रांत ‘व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटचे पटांगण’ असा उल्लेख असतो; तीच आजची दीक्षाभूमी. अशी पत्रे ज्यांच्या घरी आहेत त्यांनी ती जपून ठेवावीत, त्यांची किंमत सांगता येणार नाही एवढी आहे.

आता सर्वांत नाजूक भाग. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने जातिवाचक वस्त्यांची आणि रस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत असे ठरले. हा निर्णय योग्य होता आणि उशिरा झाला. ज्या नावाने माणसाला रोज कमी लेखले जाते ते नाव पाटीवर ठेवायचे कारण नाही, आणि इतिहासाच्या नावाखाली ते जपावे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण त्या वस्तीतल्या मुलाला जातीचा दाखला मागताना शासनच १९५० पूर्वीचा कागद मागते, आणि त्या कागदावर तेच जुने नाव असते. नवे नाव आणि जुने नाव एकाच जागेचे आहे हे सिद्ध करायचा भार त्याच्यावर येतो. जुन्या नावाने ज्यांना त्रास दिला, नाव बदलल्याचा त्रासही त्यांनाच, हे मला सहन होण्यासारखे वाटत नाही. नाव बदलणाऱ्या प्रत्येक ठरावाला एक तक्ता जोडला पाहिजे: जुने नाव, नवे नाव, मौजा, नगर भूमापन क्रमांकांची यादी, ठरावाची तारीख. तो तक्ता पडताळणी समितीने पुरावा म्हणून स्वीकारला पाहिजे. यात खर्च नगण्य आहे, आणि हजारो कुटुंबांची फरफट वाचते.

बाकीच्या शहरासाठीही हेच व्हायला हवे. नागपूर महानगरपालिका २ मार्च १९५१ पासून आहे. २०१२ पर्यंत तिला १९४८ चा स्वतंत्र कायदा होता. रस्त्याला नाव द्यायचे तर सभागृहाचा ठराव लागतो, म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या नामकरणांचा माग सभांच्या कार्यवृत्तांतून काढता येतो. त्याआधीच्यासाठी नगरपालिकेची कागदपत्रे, सर्व्हे ऑफ इंडियाचे शहराचे जुने नकाशे आणि नझूलच्या शीट आहेत. आयर्लंडमध्ये सरकारची स्थलनामांची स्वतंत्र शाखा आहे आणि तिने सगळी नावे, जुनी रूपे आणि नकाशे कोणालाही पाहता येतील असे ठेवले आहेत. आपल्याकडे तेवढी शाखा उभारायला वेळ लागेल. पण १९३४ मध्ये स्थापन झालेले विदर्भ संशोधन मंडळ आहे, विद्यापीठाचा इतिहास विभाग आहे, दरवर्षी प्रबंधाचा विषय शोधणारे विद्यार्थी आहेत. एका विद्यार्थ्याने एकच पेठ घ्यावी. जुनी शुक्रवारी घ्यावी, किंवा भालदारपुरा. कार्यवृत्तांतांतली नावे, आकारणी नोंदवहीतले सर्कल आणि घर नंबर, आखीव पत्रिकांचे क्रमांक एका तक्त्यात मांडावेत, आणि ते घेऊन त्या पेठेतल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांकडे जाऊन बसावे. कोणाचे घर कोणाच्या उत्तरेला होते, विहीर कुठे होती, बोळ कधी बुजला, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. सुरुवात महाल आणि इतवारीपासून करावी, कारण तिथले वाडे सध्या झपाट्याने पडत आहेत, आणि वाडा पडला की चतुःसीमेतली विहीर व बोळही त्याबरोबर जातात.